डायलिसिसच्या पेशंटला सेप्सिस (जंतूंमुळे अंगभर होणारा बिघाड) झाल्यावर दीड लिटर सलाईन? बरोबर होतं का?

अर्जुनाकाठचा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज, घरात यावरून भांडण पेटलंय.

वडील (आम्ही अण्णा म्हणतो) वय ६७, शुगर जुनी, डायलिसिसला दोन वर्षं झाली. सोमवार-गुरुवार राजापूरहून रत्नागिरीला नेतो. हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) गेल्या दिवाळीच्या सुमारास बंद पडला, तेव्हापासून छातीतल्या परमकॅथवर (डायलिसिसच्या नळीवर) चाललंय. ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) ५८ किलो, लघवी दिवसाला जेमतेम कपभर.

ही दोन वर्षं आमच्या घरात पाण्यावरून जे चाललंय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अण्णांची एक लिटरची बाटली आहे, तिच्यावर आईने नेलपॉलिशने रेघा मारल्यात. दिवसाला ८०० मिली, चहा त्यातच, आमटी त्यातच, गोळ्यांवरचं पाणीपण त्यातच. दारात चार माड आहेत पण शहाळं बंद कारण पोटॅशियम. मे महिन्यात माणूस बर्फाचा खडा गालात धरून पडवीत बसून असतो.

आता गेल्या आठवड्यातलं. मंगळवारपासून जेवण नको म्हणत होते, थोडी कसकस. थर्मामीटर लावला तर ९९, म्हटलं पावसाळी हवा आहे, होतं. गुरुवारी मशीन लावून अर्धा तास झाला असेल नसेल तर अशी हुडहुडी भरली की खुर्ची फरशीवर खडखडायला लागली, दोन ब्लँकेटं टाकली तरी थांबेना. बीपी ८०/५०. टेक्निशियनने मशीन बंद केलं, जंतू शोधायला रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरल्या, अँटिबायोटिक चालू केलं आणि अण्णांना आयसीयूत हलवलं. तिथे सलाईन लावलं. २५०, परत २५०, असं करत रात्रीपर्यंत दीड लिटर. डॉक्टर दर अर्ध्या तासाने येऊन बोटाचं नख दाबायचे, बघायचे, काही न बोलता जायचे. मग बीपीचं औषध पंपावर लावलं. दुसऱ्या दिवशी धाप लागली, ऑक्सिजन वाढवला, संध्याकाळी सात-आठ तासांचं हळू चालणारं डायलिसिस केलं. तिसऱ्या दिवशी परमकॅथ काढून टाकला. रिपोर्टमध्ये स्टॅफ ऑरियस म्हणून जंतू आलाय. आता अण्णा वॉर्डात आहेत, आज दीड इडली खाल्ली.

भांडण असं की मुंबईहून काका आले ते म्हणतात ज्याला लघवी होत नाही त्याला दीड लिटर सलाईन चढवलं, फुफ्फुसात पाणी भरवलं, हा सरळ हलगर्जीपणा आहे, तक्रार कर. चुलतभावाचं मेडिकल आहे, तो म्हणतो व्हँकोमायसिन (अण्णांना दिलेलं अँटिबायोटिक) किडनीला वाईट आणि ह्यांनी तर किडनीचा डोस न देता फुल डोस ठोकला. किडनीवाले डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, त्या दिवशी ते फोनवर होते. आयसीयूच्या डॉक्टरांशी आमचं बोलणं जरा वाईटच झालं, आवाज चढला माझा. आता कळत नाही कोण बरोबर. यातलं कळणारं कोणी असेल तर सांगा.

मशीन नंबर चार

दादा, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. सलाईनचं डॉक्टर लोक सांगतील, मी माझ्यापुरतं सांगतो.

मशीन लावल्यावर अर्ध्या-एक तासात कापरं भरलं आणि पेशंटला परमकॅथ आहे, की आमच्या डोक्यात पहिलं नाव कॅथेटरचंच येतं. नळीच्या आतून जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, दोन डायलिसिसच्या मधे ते गपगार असतात, आणि मशीन सुरू झालं की रक्ताच्या जोराबरोबर एकदम अंगात जातात. म्हणून घरी ताप नाही आणि खुर्चीत हुडहुडी. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतलं हे तर फार चांगलं केलं त्यांनी, एकदा औषध गेलं की नंतर बाटलीत काही उगवत नाही बऱ्याचदा आणि मग अंदाजाने औषधं चालतात.

एक विचारू? ड्रेसिंग ओलं झालं होतं का आधीच्या आठवड्यात? आपल्याकडे जुलैमध्ये हेच चालतं, पेशंट एसटीतून उतरून भिजत येतो, ड्रेसिंगच्या कडा सुटलेल्या, आत पाणी. आणि सांगत नाहीत कोणी, विचारलं की "जरासंच भिजलंय" म्हणतात. जरासं भिजलं तरी त्याच दिवशी बदलायचं.

अजून एक, त्या नळीला डायलिसिसच्या स्टाफशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. आत हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवलेलं असतं. सुई सापडत नाही म्हणून वॉर्डात कोणी त्यातून सलाईन लावायला किंवा रक्त काढायला आलं तर सरळ नाही म्हणा, वाईट दिसलं तरी चालेल. झाकणं उघडताना तुमच्या तोंडाला मास्क, सिस्टरच्याही तोंडाला मास्क.

सड्यावरचा

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कडू आहे. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, दुसऱ्या शहरात, कुठे ते सांगत नाही. डायलिसिसवरचा माणूस, हार्टही कमजोर. ताप म्हणून नेलं, एकामागून एक सलाईनच्या बाटल्या लावल्या, मधे कोणी छातीला स्टेथो लावायलासुद्धा आलं नाही. रात्री फेस यायला लागला तोंडातून, व्हेंटिलेटर लावला, पाचव्या दिवशी गेले. त्यामुळे काका चिडलेत ते उगाच नाही. डॉक्टर मंडळी एकमेकांना सांभाळून घेतात, इथेही तेच होणार बघा.

नाइटड्युटी

मी फिजिशियन आहे, सिंधुदुर्गात आयसीयू बघतो, त्याआधी दोन वर्षं नेफ्रोच्या (किडनीच्या) युनिटमध्ये काढलीत. अण्णांचे एक्सरे, रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, त्यामुळे तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी सलाईन. तुमच्याकडे पोफळीची बाग असेल किंवा बघितली तरी असेल. पाटाचं पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत पोचतं कारण पाट अरुंद असतो. तोच पाट रातोरात चौपट रुंद झाला तर पाणी तेवढंच असून शेवटची झाडं सुकतात. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांचं हेच होतं, त्या सैल पडतात, वर पाटाच्या कडा झिरपाव्या तशा झिरपतात पण. म्हणजे पायाला सूज असलेल्या, अंगात पाणी असलेल्या माणसाच्यासुद्धा मेंदूला, आतड्याला, हृदयाला रक्त कमी पडतं. बीपी ८०/५० म्हणजे शेवटच्या पोफळी सुकायला लागल्यात. अशा वेळी थोडं पाणी सोडायचं आणि पाट परत अरुंद करायचा, ते दुसरं काम पंपावरचं नॉरॲड्रेनलिन करतं. सरासरी बीपी (वरचा-खालचा आकडा मिळून) ६५ च्या खाली राहू द्यायचं नाही हा हिशोब असतो.

किती पाणी? २०२१ च्या सेप्सिस गाइडलाइनमध्ये किलोला ३० मिली, पहिल्या तीन तासांत, असं सुचवलंय. आधी ती ठाम शिफारस होती, २०२१ ला ती सौम्य केली. ५८ किलोला ते होतात १७४० मिली. तुमच्या डॉक्टरांनी दिलं दीड लिटर, तेही रात्रीपर्यंत, पाव-पाव लिटर करून, प्रत्येक वेळी बघून. हा हात सैल सोडलेला नाहीये, उलट आखडता घेतलेला आहे.

आणि ते नख. तुम्हाला वाटलं असेल टाइमपास करतोय. नख दाबून सोडल्यावर लाली तीन सेकंदांत परत आली पाहिजे, उशीर झाला म्हणजे बारीक वाहिन्यांत रक्त पोचत नाहीये. बाकी पेशंटमध्ये आम्ही लघवी किती झाली ते बघतो, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) वाढतंय का ते बघतो. अण्णांच्या बाबतीत लघवी तशीही नाही आणि क्रिएटिनिन कायमच वर, म्हणजे हे दोन्ही दिवे आधीच विझलेले. मग उरतं काय, नख, गुडघे गार पडलेत का, माणूस नीट बोलतोय का, आणि रक्तातलं लॅक्टेट, ते रक्त नीट पोचेना की वाढतं. त्यामुळे डायलिसिसच्या पेशंटजवळ दर अर्ध्या तासाला कोणी उभं राहात असेल तर मला तो हॉस्पिटलबद्दल चांगला शेरा वाटतो.

धाप लागली ती सलाईनमुळे का? काही अंशी हो, असेल. सेप्सिसमध्ये फुफ्फुसंही झिरपतात तेही असेल. पण यावर उपाय हाताशी होता, दुसऱ्या दिवशी बीपी सावरल्यावर हळू डायलिसिस करून पाणी काढलं. त्याला स्लेड म्हणतात, नेहमीचं चार तासांचं डायलिसिस त्या बीपीवर झेपलं नसतं म्हणून सात-आठ तास. जास्तीचं पाणी मशीनने काढता येतं हो, पण रक्त न पोचल्यामुळे आतडं काळं पडलं तर ते काही मशीनने दुरुस्त होत नाही.

सड्यावरचा, तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ती चूक होते, मी बघितलेली आहे. बाटली लावून निघून जाणं आणि २५० देऊन परत तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझं भांडण पहिल्या प्रकाराशीच आहे. हार्टचं पंपिंग कमी असेल तर आम्ही सलाईन लवकर थांबवून पंपावरचं बीपीचं औषध लवकर चालू करतो. सुरुवातीचं पाणी देऊन झाल्यावर पुढे सढळ हाताने द्यायचं की आखडून, यावर क्लासिक (२०२२) आणि क्लोव्हर्स (२०२३) असे दोन मोठे ट्रायल झाले, दोन्हींत मृत्यूच्या प्रमाणात फरक निघाला नाही. म्हणजे एकच आकडा सगळ्यांना लागू करणारा डॉक्टर चुकतो आणि "किडनीचा पेशंट आहे, थेंबभर देऊ नका" म्हणणाराही चुकतो. दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त आहे असा माझा अनुभव. भीतीने काही देतच नाहीत, ॲम्ब्युलन्समध्ये घालून आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवतात, आणि पेशंट वर पोचेपर्यंत बीपी लागत नाही.

आता चुलतभावाचं. त्याला सांगा की पहिला डोस ठरतो पेशंटच्या वजनावर, किडनी किती चालते त्यावर नाही. औषध आधी अंगभर पसरायला तर पाहिजे. ते बाहेर किती वेगाने जातं हा पुढचा प्रश्न, आणि किडनीचा हिशोब तिथे येतो, म्हणजे दुसरा डोस किती आणि कधी. व्हँकोमायसिन तर डायलिसिसच्या पेशंटला पुढे बहुतेक वेळा डायलिसिसच्या दिवशीच देतात, रक्तातली लेव्हल बघून. "किडनीचा डोस" म्हणून पहिलाच डोस अर्धा करणं ही चूक मी स्वतः रेसिडेंट असताना केलेली आहे आणि आमच्या मॅडमनी राउंडवर सगळ्यांसमोर जी काढली ती अजून आठवते. शॉकमध्ये, म्हणजे बीपी असं कोसळलेलं असताना, पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे आणि पूर्ण गेला पाहिजे. काळजी नंतरच्या डोसांची. सेफेपीम हे दुसरं अँटिबायोटिक कमी न करता देत राहिलं तर पेशंट बडबडतो, हातपाय झटकतो, अमिकासिन या आणखी एका अँटिबायोटिकने कान जातात, उरलीसुरली लघवीपण जाते. चुलतभावाची शंका पुढच्या डोसांच्या बाबतीत बरोबर आहे, फक्त पहिल्या दिवसाला लावू नका.

कॅथेटर काढला ते योग्यच. स्टॅफ ऑरियस नळीला चिकटला की नळी ठेवून तो धुऊन निघत नाही. आता तुम्ही दोन गोष्टी विचारा: टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का, कारण हा जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो, आणि अँटिबायोटिक किती आठवडे. चार ते सहा आठवडे म्हणाले तर घाबरू नका, आणि ताप गेला म्हणून मधे सोडू नका. येत्या महिन्या-दोन महिन्यांत नवीन पाठदुखी सुरू झाली तर बाम चोळत बसू नका, मणक्यात जाऊ शकतो तो.

आणि ते ९९. डायलिसिसच्या पेशंटचं अंग मुळातच थोडं गार असतं, त्यात वय, त्यात शुगर. ताप चढायची ताकदच नसते. नळी असलेला माणूस दोन दिवस जेवण नको म्हणतोय आणि कसकस आहे, तर ९९ लाही फोन करायचा.

भातखाचर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, वरचं सगळं पटलं. फक्त एक जोडतो कारण दिवस लावणीचे आहेत आणि हा धागा बरेच जण वाचतील.

किडनी आणि सेप्सिस म्हटलं की सगळे आधीपासून किडनी खराब असलेल्याचा विचार करतात. आमच्याकडे उलटं येतं. धडधाकट माणूस, आठवडाभर चिखलात लावणी केलेली, पायाला भेगा, एकदम ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही, डोळे लाल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी कमी, डोळे पिवळे. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणाऱ्या जंतूचा आजार. यात किडनी जंतूमुळे बंद पडते आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक वेळा परत चालू होते, थोडे दिवस डायलिसिस लागलं तरी. गंमत म्हणजे लेप्टोत किडनी बिघडूनही बऱ्याच जणांना लघवी होत राहते आणि पोटॅशियम कमी सापडतं, त्यामुळे "लघवी होतेय ना" म्हणून निर्धास्त राहू नका. रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन यातलं एक अँटिबायोटिक चालू करतो आम्ही. डॉक्सीला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही आणि स्क्रब टायफसही (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) त्यात झाकला जातो.

हात जोडून एकच विनंती, अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारून घेऊ नका कुठे. ताप, जुलाब, बीपी कमी आणि वर ते इंजेक्शन, यात उरलेली किडनी जाते. पॅरासिटामॉल घ्या.

माडाबनातली

माझ्या आवशीक घरच्या घरी पोटाचा डायलिसिस चालू असा, चार वर्सां झाली. आमचो गाव असो की व्हाळाक पाणी इला की दोन दोन दिस रस्तो बंद, म्हणान डॉक्टरांनीच ह्यो मार्ग सांगल्यानी. हेच्यात मशीन नाय, नळी पोटात असता, पाणी सोडूचा आणि काढूचा. पण इन्फेक्शनची भीती हयपण असाच.

माका एका सिस्टरीन शिकवलेला ता सांगतंय. भायर इलेली पिशवी पेपरावर ठेवची आणि खालची अक्षरा वाचूची. वाचता इली तर पाणी बरा, धुरकाट दिसली तर थेट फोन. गेल्या श्रावणात एक दिस अक्षरा दिसाकच नाय. आवस म्हणता पोट वायच दुखता, ताप नाय काय नाय. मी तीच पिशवी वांगडा घेवन गेलंय. त्या पाण्यात पांढऱ्यो पेशी १०० च्या वर असल्यो की संशय धरतत, हिच्यो चारेकशे होत्यो. औषध पिशवीतच घालून दिल्यानी, दोन आठवडे, घराकच. आयसीयूचा तोंड बघूक लागला नाय. ती पिशवी फेकू नकात एवढाच सांगाचा होता.

अर्जुनाकाठचा

सगळ्यांचे आभार, काय लिहू. काकांना फोनवर वाचून दाखवलं. पोफळीपर्यंत ऐकलं, मग म्हणाले, "एवढं सगळं होतं तर त्यांनी आधी सांगायला काय झालं होतं?" आणि खरं सांगू, यात मला काकांचं पटतं. आम्हाला फक्त "सही करा" म्हणाले. दोन वर्षं थेंब थेंब मोजायला लावता आणि एका रात्रीत पाट फोडता, तर दोन वाक्यं तरी सांगा की हो.

मशीन नंबर चार, ड्रेसिंग भिजलं होतं. सोमवारी परत येताना स्टँडवर छत्री उलटी झाली. आईने टॉवेलने टिपलं आणि वरून नवीन पट्टी चिकटवली. तिला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारपण नाही.

इको उद्या आहे. सहा आठवडे औषध म्हणाले आहेत. आत्ता मांडीतून तात्पुरती नळी टाकून डायलिसिस झालं. आणि फिस्टुला परत करू म्हणतायत, दुसऱ्या हाताला.

नाइटड्युटी

काकांचं बरोबर आहे. आमच्याकडे रात्री बारा बेडना एक डॉक्टर असतो, तरी दोन वाक्यांना वेळ नाही असं मी म्हणणार नाही. उद्या इकोच्या वेळी तुम्हीच त्या डॉक्टरांकडे जा, आवाज चढला त्याबद्दल एक शब्द बोला आणि मग हे सगळे प्रश्न विचारा, तेही मोकळे होतील.

मशीन नंबर चार

आईला नका सांगू. पण पट्टीवर पट्टी चिकटवायची नाही एवढं मात्र शिकवा.

फिस्टुला करतायत हे बेस्ट, इन्फेक्शनचा धोका सगळ्यात कमी त्यातच. कुठला हात? आयसीयूत दोन्ही हातांना सुया टोचल्या असतील तर आज बघून घ्या, काळेनिळे डाग कुठे आहेत ते. ज्या हाताला करणार त्या हातातून आता रक्त नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टापण नाही. अगदीच लागलं तर पालथ्या पंजावरून घ्या म्हणायचं. वॉर्डात सकाळी पाचला रक्त घ्यायला येतात तेव्हा तुम्ही झोपलेले असता आणि अण्णा काही बोलणार नाहीत, म्हणून मार्कर पेनने मनगटाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "इथे सुई नको". आमच्या सेंटरला आम्ही तसंच करतो.

अर्जुनाकाठचा

उजवा हात. लिहिलं आत्ता. अण्णा विचारतायत, दीड लिटर चाललं तर घरी गेल्यावर अर्धं शहाळं चालेल का.

नाइटड्युटी

नाही.